रानातल्या घराला कंपोस्ट संडास, कोल्हापूर भागात कुणी वापरतंय का?

को_८६०३२:

मंडळी नमस्कार. जेवता जेवता वाचण्यातला प्रश्न नाही हा, आधीच सांगून ठेवतो.

पन्हाळ्याच्या पायथ्याला आमचं पावणेदोन एकर रान आहे. गावातलं घर वाटणीत चुलत्याकडं गेलं म्हणून रानातच तीन खोल्या बांधायला काढल्यात, पाया भरून झालाय, आता सगळं घोडं संडासापाशी अडलंय. गवंडी म्हणतो सेप्टिक टाकी मारू, दोन दिवसाचं काम. पण संडासाच्या जागेपासनं विहीर ३५ फुटावर, तेच पाणी आम्ही पिणार. पलीकडच्या अंगाला ओढा आहे आणि मधी सगळा मुरूम, म्हंजे जागा हलवायची म्हटलं तरी पाच-दहा फुटाच्या वर हलत नाही. आणि टाकी भरली की मैला उपसायची गाडी आत येणार कुठनं? शेवटची दीडशे मीटर नुसती पाणंद, पावसाळ्यात ट्रॅक्टर पण मागं फिरतो.

दुसरं म्हंजे आमच्या पाव्हण्यांच्यात अशी गाडी बोलवलेली, ती भरून गेली आणि अर्ध्या किलोमीटरवर ओढ्याच्या पुलावर थांबली, लाइट बंद, रात्री साडेअकराला. पाइप खाली सोडलेला मी माझ्या डोळ्यानं बघितलाय. तेव्हापासनं सेप्टिक टाकी म्हटलं की मला तो पूलच दिसतो.

म्हणून कंपोस्ट संडासाचे व्हिडिओ बघितले. परदेशातलं एक जोडपं बादलीत भुसा टाकतंय, वर्षानं त्याचं खत करून गुलाबाला घालतंय, सगळं कसं गोड गोड. पण त्यांचं कागदावर भागतं, आपल्याला टमरेल लागतं, ते पाणी जातं कुठं हे कुणी दाखवतच नाही. घरात आम्ही सहा माणसं, आई, आबा, मी, मंडळी आणि दोन पोरं. पावसाळ्यात काय होतं, वास किती, माश्या किती, आणि ते खत उसाला घातलेलं चालतं का?

आबांना विचारलं तर म्हणाले, "टमरेल घेऊन बांधाला जायचं बंद करायला सरकारनं लै घाम गाळला, आता तू डबा घरात आणतोस व्हय?"

तांबडा_पांढरा:

भावा, तुझ्या उसाचा गूळ कुठल्या गुऱ्हाळाला जातो तेवढं सांगून ठेव, बाकी चालू दे.

(चेष्टा बाजूला. वाचतोय, आमच्याकडं पण हाच घोळ आहे.)

रंकाळा_कट्टा:

एवढा विचार कशाला करताय, दोन खड्ड्यांचा शोषखड्डा संडास करा की. सरकार १२ हजार अनुदान देतं, एक खड्डा भरला की दुसरा चालू, वर्ष-दीड वर्षात पहिल्यातलं मातीसारखं होतं. २०१७ ला दिल्लीच्या पाणी-स्वच्छता खात्याचे सचिव तेलंगणात वरंगळ जिल्ह्यातल्या गंगादेवीपल्लीत जाऊन स्वतः खड्ड्यात उतरले होते खत काढायला, फोटो सगळ्या पेपरात आलेले. म्हंजे तो पण कंपोस्ट संडासच झाला की, नाव वेगळं.

नाहीतर बाजारात बायोटॉयलेट मिळतंय ते बसवा, रेल्वेत असतं तसलं.

निवृत्त_लॅबवाला:

रंकाळा कट्टा, दोन खड्डे चांगलेच, मी स्वतः कित्येक गावात लोकांना करायला लावलेत. पण त्या खड्ड्याला खाली तळ नसतो आणि बाजूच्या विटांना भोकं ठेवतात, पाणी जमिनीत मुरावं म्हणूनच. पिण्याची विहीर ३५ फुटावर आणि मधे मुरूम. मुरमातून पाणी गाळून जात नाही, फटीफटीनं पळतं. ५० फुटाच्या आत मी तरी कुणाला करा म्हणणार नाही. सेप्टिक टाकीचं तेच, लोकांना वाटतं टाकीतून बाहेर येणारं पाणी स्वच्छ असतं. टाकी फक्त गाळ खाली बसवते. पुढं जे शोषखड्ड्यात जातं त्यात जंतू जसेच्या तसे.

रेल्वेचं बायोटॉयलेट म्हणजे कंपोस्ट नव्हे. डीआरडीओबरोबर काढलेलं आहे ते, बंद टाकीत हवेशिवाय जगणारे जिवाणू मैला कुजवतात, आत भरपूर पाणी असतं आणि तेवढंच पाणी बाहेर पडतं. खत वगैरे निघत नाही. आणि ते बाहेरचं पाणी सोडणार कुठं, तर परत तुमची विहीर आलीच.

मी तालुक्याच्या दवाखान्यात लॅबला ३० वर्षं काढली. सूक्ष्मदर्शकाखाली रोज काय बघायचो तर जंताची अंडी. तपकिरी, गोल, वरून खडबडीत जाड कवच, एकदा बघितलं की विसरत नाही माणूस. ही कवचाची अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात. बाकी कॉलरा, हगवण, कावीळ यांचे जंतू त्यामानानं लवकर मरतात, जंताचं अंडं सगळ्यात शेवटी. म्हणून खत तयार झालं का हे वासावरून, रंगावरून ठरवायचं नाही, अंडं मेलं का यावरून ठरवायचं. ते दोन गोष्टींनी मरतं, उष्णता आणि वेळ. सगळा ढीग ५० अंशाच्या वर आठवडाभर राहिला तर काम होतं. पण 'सगळा' म्हणजे सगळा. ढिगाच्या कडा कधीच तेवढ्या तापत नाहीत, म्हणून वर वेळ पण द्यायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या सूचना बघा, आपल्यासारख्या गरम हवेत नुसतं साठवून ठेवायचं तर एक वर्षाच्या वर. आणि वर्ष मोजायचं ते शेवटची बादली पडल्याच्या दिवसापासून, पहिलीच्या नव्हे. लोक इथंच चुकतात.

२०१२ ला इचलकरंजीत काविळीची साथ आली तेव्हा काय दिवस होते ते आमच्या पिढीला विचारा. मैला पाण्यात गेला की काय होतं ते तिथं बघितलं. मी कंपोस्ट संडासाच्या विरोधात नाही. उलट मैला पाण्यापासून लांब ठेवणारी कुठलीही गोष्ट मला आवडते. पण अर्धकच्चं खत पाण्यापेक्षा वाईट, अनवाणी भांगलण करणाऱ्या बायकांच्या पायातून आकडेकृमी शिरतो.

आक्काचा_मळा:

आम्ही चार वर्षं वापरतोय, करवीर तालुक्यात, माळाला. (मी बाईच आहे. कोल्हापुरात आम्ही करतो-जातोच म्हणतो, पुण्याच्या लोकांनी येऊन दुरुस्त करू नये.)

लाकडी पेटी, वर कमोडची साधी सीट, आत २० लिटरची रंगाची बादली. अशा सहा बादल्या आहेत झाकणासकट. बसून झालं की दोन मुठी भुसा, काही दिसता कामा नये, बस. चार माणसांना आठवड्याला चार-पाच बादल्या भरतात. मशीन नाही, पंखा नाही, काही नाही.

आता तुझ्या टमरेलाचं. सुरुवातीला आम्ही शहाण्यासारखं बादलीतच धुवायचो. तिसऱ्या दिवशी आत ताक झालं. झाकण उघडलं आणि असा वास सुटला की आमचे हे दोन दिवस गावातल्या घरी जेवायला. मग गवंड्याला बोलवून पेटीच्या शेजारीच दीड बाय दोनची फरशी बसवली, उतार देऊन, सीटवरनं उठायचं, शेजारी सरकायचं, तिथं धुवायचं. ते पाणी पाइपातनं कर्दळ आणि केळीच्या वाफ्यात जातं, विहिरीच्या उलट्या अंगाला, आणि वाफ्यात वर फूटभर पाचट (उसाचा वाळलेला पाला) म्हणजे पाणी उघडं दिसत नाही. त्या वाफ्यात भाजी लावायची नाही, पोरांनी खेळायचं नाही. हे एवढं केलं आणि वास गेला तो गेला. मला विचारशील तर आपल्याकडं हा संडास फसतो तो इथंच. मैल्याला वास नसतो रे, मैला आणि पाणी एकत्र आलं की वास.

भुसा म्हणजे सॉमिलचा. प्लायवूडच्या कारखान्यातला नको, त्यात डिंकाचं केमिकल असतं. उसाचं चिपाड फुकट मिळंल असं मला पण वाटलेलं, गुऱ्हाळवाला हसला, चुलाणात काय घालू म्हणाला. त्याचं जळणच आहे ते. पाचट मात्र पाहिजे तेवढं, आपल्या भागात लोक उभं पेटवून देतात. पण अख्खं पाचट बादलीत घालू नको, फटी राहतात आणि त्या फटीतनं माश्या आत जातात. कडबाकुट्टीतनं (चारा बारीक करायच्या मशीनीतनं) काढलं की भुश्यासारखंच होतं. आता आम्ही बादलीला कुट्टी आणि ढिगाला अख्खं पाचट असं वापरतो.

ढीग म्हणजे बांबूच्या कामट्यांचा पाच बाय पाचचा चौक, चार फूट उंच, असे दोन. खाली फूटभर पाचट अंथरलेलं, ते वरनं येणारं पाणी पितं. मधोमध खड्डा करायचा, बादली ओतायची, बादली विसळलेलं पाणी पण त्यातच, वर घरचा ओला कचरा, मग पाचटाची जाड गादी. एक चौक वर्षभर भरायचा, मग वर्षभर हात लावायचा नाही, दुसरा चालू. उलथापालथ करत नाही आम्ही. लांब दांड्याचा थर्मामीटर घेतलाय, मधी ५५ ते ६० दाखवतो. थंडीत सकाळी ढिगावर वाफ दिसते, त्यावर आमचं कुत्रं झोपतं. आणि लॅबवाल्या काकांनी कडांचं सांगितलं ते खरं आहे, म्हणून ओतताना कायम मधी ओतायचं आणि कडेला नुसतं पाचट ठेवायचं.

दुसऱ्या पावसाळ्यात मात्र लै फजिती. ढिगावर पत्रा न टाकता ताडपत्री बांधलेली, जुलैत एका रात्री वाऱ्यानं ती शेजारच्या उसात. दोन दिवस ढीग भिजला, थर्मामीटर ३० वर आला, खालनं काळं पाणी सुटलं. चर मारून कोरडं पाचट भरलं तेव्हा आवरलं. आता पत्र्याचं छप्पर आहे. पहिला पैसा पत्र्यात घाल, सीट नंतर भारीतली घे.

पहिला चौक उघडला त्या दिवशी सासूबाई पदर नाकाला लावून लांब उभ्या होत्या. खाली काळीभोर माती, पावसात भिजलेल्या रानासारखा वास, आणि त्यात जशाच्या तशा दोनच गोष्टी, आंब्याच्या कोया आणि पाव्हण्यांनी टाकलेल्या शाम्पूच्या पुड्या. आत्तींनी पदर सोडला आणि पहिलं काय बोलल्या तर, "पुड्या कुणी टाकल्या?"

को_८६०३२:

ताई, एवढं सगळं कुठल्याच व्हिडिओत नव्हतं, खरंच आभारी आहे. फरशीचं आजच गवंड्याला सांगतो. एक विचारायचं राहिलं, राख चालते का भुश्याऐवजी? आमच्या शेजारी दोन गुऱ्हाळं आहेत, राखेचे डोंगर पडलेत.

पूरपट्टा:

राखेचं मी सांगतो. शिरोळ तालुक्यात नदीपासनं जवळ घर. २०१९ ला आमच्या दाराच्या चौकटीवर साडेचार फुटाला पाण्याची रेघ आहे, अजून पुसलेली नाही, मुद्दाम. तेव्हा सगळ्या गल्लीच्या सेप्टिक टाक्या पाण्याखाली, झाकणं तरंगत गेलेली, पाणी उतरल्यावर घरात जो चिखल होता तो नुसता चिखल नव्हता. तेवढ्यावरनं समजून घ्या.

नंतर आम्ही जमिनीवर उंच बांधलेला दोन टाक्यांचा कोरडा संडास केला. सात पायऱ्या चढून वर जायचं, खाली दोन बंद खोल्या, भांडं फायबरचं, त्यात लघवी पुढच्या भोकातनं पाइपनं कॅनमध्ये, संडास मागच्या भोकातनं खाली, आणि धुवायची जागा आणखी वेगळी. वरनं राख टाकायची. २०२१ ला परत पाणी आलं, पायऱ्यांना लागलं, आत नाही. उत्तर बिहारात कोसी-बागमतीच्या भागात मेघ पाईन अभियान नावाची संस्था पुरातल्या गावात असलेच संडास बांधते, 'फायदेमंद शौचालय' म्हणतात त्याला, तिथलं बघूनच मी केलं. लडाखात तर पिढ्यान् पिढ्या हीच पद्धत, वरच्या मजल्यावर भोक, खाली माती, वर्षाला शेतात.

आता राख. आक्कांची पद्धत आणि माझी पद्धत यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि लोक दोन्हीची खिचडी करतात म्हणून सांगतोय. आक्कांचा ढीग ओलसर पाहिजे, जिवाणू जिवंत पाहिजेत, ते खाऊन खाऊन ढीग तापवतात. तिथं घमेलंभर राख टाकली की जिवाणूंचं जेवणच बिघडतं, चिमूट-मूठ चालंल. माझ्याकडं उलटं, आत काही शिजत नाही, नुसतं वाळतं, राखेनं अल्कली होतं आणि त्यात जंतू मरतात. लघवी आणि पाणी वेगळं केल्याशिवाय ही पद्धत चालतच नाही. कुणीतरी पाव्हणा चुकून मागच्या भोकात टमरेल ओततो आणि माझा महिनाभराचा कोरडेपणा गेला. म्हणून दारावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, चित्रासकट. तरी ओततात.

तुम्ही पन्हाळ्याच्या अंगाला, पूर नाही, पाचट आहे, जागा आहे. आक्कांचं करा. गुऱ्हाळाची राख नारळाला घाला.

तांबडा_पांढरा:

चित्र कसलं काढलंय ते टाका की राव इथं

पूरपट्टा:

मुलीनं काढलंय, चौथीत होती तेव्हा. टाकत नाही, मोठी झालीय आता, मारंल मला.

सरी_वरंबा:

उसाला चालतं का हे मूळ प्रश्नातलं कुणीच घेतलं नाही म्हणून थोडा हिशेब. आपल्याकडच्या खाण्यावर माणशी वर्षाला साधारण पावणेतीन किलो नत्र शरीराबाहेर पडतं, त्यातलं बहुतेक लघवीत, संडासात थोडंच. तुम्ही सहा, त्यात दोन लहान, पाच धरू. साडेतेरा किलो झालं. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे २९ किलो युरिया. पोतं ४५ किलोचं. सुरू उसाला (थंडीत लावतात त्याला) हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस, म्हणजे एकरी १००, गुंठ्याला अडीच. थोडक्यात तुमचं अख्खं घर वर्षभर मनापासून बसलं तरी पाच-साडेपाच गुंठे ऊस, आणि तो पण कागदावर, कारण ढिगातनं बरंच नत्र अमोनिया होऊन उडून जातं.

त्यामुळं खताच्या पैशासाठी हा उद्योग करणार असाल तर करू नका. विहिरीसाठी करा. खत निघंल ते आंबा, नारळ, केळी, बांधावरच्या झाडांना, आळं करून मातीत दाबून. मेथी, कोथिंबीर, मुळा, गाजर यांच्या जवळ पण नको.

लघवी वेगळी साठवली तर ती खरी ताकद. बंगळूरच्या कृषी विद्यापीठात मक्यावर आणि केळीवर त्याचे रीतसर प्रयोग झालेत. बंद कॅनमध्ये महिनाभर तरी ठेवायची, मग एकास पाच ते दहा पाणी करून सरीत, पानावर उडवायची नाही. फक्त पूरपट्टावाल्यांना एक विचारतो, तुमच्या शिरोळच्या क्षारपड रानात घालताय काय? लघवीत मीठ असतं, आधीच पांढरं फुटलेल्या रानात अजून मीठ कशाला.

पूरपट्टा:

रानात नाही घालत, त्याच कारणानं. दारातल्या नारळाला, ते पण पावसाळ्यात.

आणि तमिळनाडूत मुसिरीला तर सार्वजनिक संडास असा केलेला की वापरणाऱ्यालाच उलट पैसे द्यायचे. आपल्या एसटी स्टँडवर हे चालू झालं तर माणूस दिवसभर तिथंच बसंल.

फोंडा_घाट:

सगळं वाचलं. माहिती चांगली आहे, मन लावून लिहिलंय सगळ्यांनी. पण इतक्या लांबलचक चर्चेत एक गोष्ट कुणाच्याच लिहिण्यात नाही. ढिगापर्यंत बादली कोण नेतं?

माझा आजा नगरपालिकेत होता. पाटीतनं डोक्यावरनं वाहायचा. पावसात पाटी गळायची. त्या मैल्याचं गावाबाहेर खत व्हायचं, शेतकरी गाड्या भरून न्यायचे आणि त्याला नाव काय तर सोनखत. सोनं शेतकऱ्याला आणि घाण आजाला. हा शब्द लोक आता लै कौतुकानं वापरतात, मला तो ऐकला की आजाचं डोकं दिसतं, मधोमध टक्कल पडलेलं, पाटी ठेवून ठेवून.

कोकणात कणकवलीजवळ गोपुरी आश्रम आहे, आमच्या दाजीपूरकडनं घाट उतरलं की खालीच. अप्पासाहेब पटवर्धनांनी तिथं गोपुरी संडास काढला, जमिनीवरच्या टाक्या आलटून पालटून वापरायच्या, आतल्याचं खत. तुम्ही इथं जे बोलताय ते तिथं सत्तर-पंच्याहत्तर वर्षांमागं झालंय. पण अप्पांची गोष्ट तंत्राची नव्हतीच. रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मला करू द्या म्हणून ते अडून बसले, सरकारनं परवानगी दिली नाही म्हणून अन्न सोडलं, आणि १९३२ च्या डिसेंबरात त्यांच्यासाठी येरवड्यात गांधींनी पण उपास धरला. ब्राह्मण घरातला माणूस. संडास असा पाहिजे की दुसऱ्या माणसाला त्याला हात लावायला लागू नये, तिथनं गोपुरी आला.

२०१३ च्या कायद्यानं दुसऱ्याकडनं मैला उचलून घेणं गुन्हा आहे. तुम्ही म्हणाल आमच्या रानात आमची बादली. बरोबर. मग को_८६०३२, तुमच्या घरातली ती कोण उचलणार ते आधी लिवा. रोजगारी बाई नाही ना? आणि घरातली बाई पण नाही ना?

आक्काचा_मळा:

फोंडा घाट, तुम्ही बोललात ते लागलं, कारण खरं आहे. पहिले आठ महिने आमच्यात बादल्या मीच नेत होतो. ठरलं काहीच नव्हतं, स्वयंपाकाचं ठरत नाही तसं. ह्यांना मी एकदा बोललो तर म्हणाले मला जमत नाही, मळमळतं. म्हटलं मला काय अत्तराचा वास येतो? मग त्यांनी गुपचूप एका रोजगाऱ्याला पन्नास रुपये देऊन दोन बादल्या न्यायला लावल्या, ते मला कळलं तेव्हा मी तो संडासच बंद करणार होतो.

आता भिंतीवर खडूनं वार लिहिलेत. सोमवार-गुरुवार हे, मंगळवार मी, शनिवारी मुलगा, त्याला बारावी झाली की लावला. सासूबाईंना सूट, त्या भुसा भरून ठेवतात. आजारी असलं तरी वार बदलून घ्यायचा, बुडवायचा नाही. बाहेरच्या माणसाला हात लावायला द्यायचा नाही, हे मात्र माझंच.

हे मी वर लिहिलं नव्हतं. लाज वाटली म्हणून असंल.

को_८६०३२:

खरं सांगतो, मी धरून चाललो होतो की मंडळी बघतील. धरून चाललो होतो असं पण नाही, विचारच केला नव्हता. परवा तिला हा धागा वाचायला दिला. वाचून झाल्यावर फोन परत दिला आणि म्हणाली, वार कुठला घेतोस ते सांग मग पुढचं बोलू.

सरी_वरंबा:

मग घेतला की नाही?

को_८६०३२:

(तीन आठवड्यांनी)

सोमवार, बुधवार आणि शुक्रवार.

कळवायला उशीर झाला, स्लॅबची गडबड होती. सेप्टिक टाकी रद्द. आक्कांच्या सल्ल्यानं पहिला पत्रा घेतला, दहा फुटी चार, ढिगाची जागा विहिरीपासनं ९० फूट लांब, चढाच्या खालच्या अंगाला. धुवायची फरशी झाली, पाइप कर्दळीत काढला. गवंड्यानं आधी दोन दिवस चेष्टा केली, मग फरशीचा उतार इतका झकास काढला की टमरेलभर पाणी ओतून बघितलं, थेंब राहत नाही. आता तोच विचारतोय, त्याच्या मेव्हण्याचं घर पण पाणंदीला आहे म्हणे.

रविवारी आबांना घेऊन आक्कांच्या मळ्याला गेलो होतो. (ताई, भाकरी आणि खर्डा अजून आठवतोय.) आबा वाटेत एक शब्द बोलले नाहीत. जुन्या चौकापाशी बसले, आत मनगटापर्यंत हात घातला, मूठभर माती काढली, चुरडली, नाकाला लावली. मग नव्या ढिगाकडं गेले, कडेचं पाचट चाचपलं आणि म्हणाले, "हे रचलंय कुणी? कोपरे सुटल्यात."

येताना गाडीत पहिला प्रश्न, कडबाकुट्टी जुनी मिळती काय बघ. ढीग म्हणे मी रचणार, तुम्हा पोरांना गंजी लावायला पण येत नाही.

वार मात्र अजून एकही घेतला नाही त्यांनी.

आक्काचा_मळा:

कोपरे ह्यांनी रचलेत. सांगतो त्यांना.

थर्मामीटर घ्यायच्या आधी ये, माझ्याकडं एक जादाचा आहे. आणि रिकाम्या हातानं येऊ नको, आबांनी रचून दिलेलं पाचटाचं एक ओझं आण, बघू तरी कोपरे कसे असतात ते.